बापूरावांचं गोड भाषांतर

समोरचा माणूस बोलायला लागला की माझे चुलत सासरे बापूराव डोळे मिटून घ्यायचे. बोलणं संपलं की तपकिरीची चिमूट ओढायची आणि मग तेच दुसऱ्या भाषेत सांगायला लागायचं. साहेब दोन शब्द बोलला तरी बापूरावांचं भाषण लांबलचक. भोरात लोकांना वाटायचं, केवढी ही विद्या! मला वाटायचं, वरचं एवढं सगळं येतं कुठून?

मुंबईला ते बंदराजवळच्या पेढ्यांमध्ये दुभाषी होते. कापूस विकणारा गुजराती, घेणारा इंग्रज, खजूर घेऊन उतरलेला अरब. कोणाचं कोणाला कळत नाही, त्यामुळे यांना मागणी फार. जेवायलाही फुरसत मिळत नाही, असं ते पोटावरून हात फिरवत सांगायचे. ते पोट पाहून कोणाचाच विश्वास बसत नसे.

"सूनबाई, सौद्यात एकजण चिडतोच," ते मला समजावत. "ते चिडणं आपण गिळायचं आणि गोड तेवढं पुढं द्यायचं. दोघं हसत उठले, की झालं भाषांतर." व्यापाऱ्यांचं ठीक होतं. आज बिनसलं तर ते उद्या पुन्हा बसत.

डॉक्टरांनी हवापालट सांगितला म्हणून एका उन्हाळ्यात ते भोरला आमच्याकडे आले आणि पुढे पावसाळाभर राहिले. माझं माहेर भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला. खालच्या जमिनी धरणात गेलेल्या, पण ज्या वर्षी पाणी तिथवर चढत नसे, त्या वर्षी लोक त्यांत भात लावत. यंदा पाणी कुठवर येणार, हे विचारायला गाव धरणावरच्या साहेबाकडे निघालं. माझा भाऊ मोठ्या हौसेने बापूरावांना घेऊन गेला.

साहेबाने साफ सांगितलं होतं, यंदा पाणी पुरतं चढणार, खाली काही लावू नका. हे आम्हाला फार उशिरा, तिथल्या कारकुनाकडून कळलं. बापूरावांनी त्या दिवशी डोळे उघडले, समोरचे काळजीतले चेहरे पाहिले आणि म्हणाले, "साहेबांना तुमची फार चिंता आहे. पाण्याचं ते बघून घेतील. तुम्ही निश्चिंत असा." साहेबाला सांगितलं, गाव आपलं आभारी आहे. सगळे हसत उठले.

आईने आणि भावाने खालच्या खाचरांत लावणी केली. भात निसवायला आलं, लोंब्या दिसू लागल्या आणि पाणी चढलं. बांधावर उभं राहून बघण्याखेरीज कोणाला काही करता आलं नाही.

आई चालत भोरला आली. व्याह्यांसमोर कधी मान वर न केलेली बाई, त्या दिवशी पदर खोचून उभी राहिली.

"व्याही, साहेब नगं म्हनला व्हता का न्हाई?"

"म्हणाले होते. पण तोंडावर तसं सांगितलं असतं तर माणसं खचली असती, विहीणबाई. आमच्या बंदरावर..."

"बंदरावर भात लावत्यात व्हय? आमी खचलो असतो, दोन दिस रडलो असतो, आन् वरच्या माळाला नाचनी केली असती. तुमी आमचं रडनं वाचवलं आन् खानं घालवलं."

बापूरावांनी तपकिरीची डबी उघडली. "तुम्ही रागावलात. साहजिक आहे."

"ह्येचं बी भाषांतर करा. साहेबाला सांगा, गाव लई खूश हाय."

आठवड्याच्या आत त्यांची प्रकृती सुधारली आणि ते मुंबईला गेले. तिकडे पेढ्या त्यांची वाटच पाहत होत्या. इकडे त्या दिवाळीला माझ्या माहेरी कोणाच्याच ताटात घरचा तांदूळ नव्हता.

काही वर्षांनी ते तिथेच वारले. त्यांच्यासारखा दुभाषी पुन्हा मिळायचा नाही, असं व्यापारी हळहळून म्हणत होते म्हणे. म्हणत असतील. सासरच्या नात्याचं सुतक होतं, ते मी पाळलं. रडणं त्यात बसत नव्हतं.