पंखा बंद असताना

तारीख — तीन वर्षांपूर्वीचा, आखाजीच्या आधीचा शेवटचा रविवार.
जागा — जळगाव, आमच्या घराची मागची खोली.
हजर — शेवंताअक्का आणि मी.
गैरहजर — माझे मिस्टर, धुळ्याला एका लग्नात कीबोर्ड वाजवायला गेलेले. अक्कांची मुलगी रेखा, सकाळी आईला सोडून बाजारात गेली, संध्याकाळी परत आली.

सवय आहे म्हणून असं लिहिलं. कुठल्याही कामाची सुरुवात मी अशीच करते. पण त्या रविवारचं पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. मिस्टरांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, कदाचित म्हणूनच जमेल.

आधी खोलीबद्दल सांगते. हे मी टाळते आहे का? असेल. पण खोली कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा स्टुडिओ म्हणजे ही मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर प्लायवूड, दाराला आतून गोधडी. मिस्टर चाली बांधतात, वाद्यं वाजवतात. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग माझ्याकडे. लग्नाची गाणी, कानबाईची गाणी, आखाजीची गाणी — बहुतेक अहिराणी. आधी मी पतसंस्थेत होते. शिस्त तिथली. शेजारची दालमिल रविवारी बंद असते, म्हणून आवाज घ्यायचा तो रविवारी. मोबाइल बंद. पैंजण काढायचे, बांगड्या काढायच्या. आणि पंखा बंद, कूलर बंद — माईकमध्ये त्यांची घरघर येते. आमच्या उन्हाळ्यात बंद खोलीत पंखा नसणं म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. गाणारे घामाघूम होतात, शिव्या घालतात, बाहेर येऊन माठावर तुटून पडतात. पण गाणं स्वच्छ येतं. मला स्वच्छ लागतं.

शेवंताअक्का मिस्टरांच्या मावशी. धुळ्याजवळच्या गावच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. त्यातली जुनी गाणी अक्कांना जितकी येत, तितकी मी दुसऱ्या कुणाकडे ऐकली नाहीत. रेखाच्या फार मनात होतं की आईचा आवाज राहावा. माझ्याही होतं. आमच्या चॅनेलवर आखाजीच्या आधी गाणी यायला हवीत, हेही होतं. ते आधी होतं का? हो. आधी तेच होतं.

अक्का खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "व माय! हाई खोली शे का भट्टी?"

बांगड्या काढायला तयार नव्हत्या. नवरा जिवंत असताना काढणार नाही म्हणाल्या. मग मी दोन्ही हातांच्या बांगड्यांवर रुमाल गुंडाळून बांधले.

"पंखा लाव ना व बाई."

"माईकमध्ये आवाज येतो अक्का."

"येऊ दे ना. पंखाबी गाई, मीबी गासू."

आम्ही दोघी हसलो. पंखा मी लावला नाही.

पहिली दोन गाणी सुरेख झाली. तिसऱ्याच्या आधी त्या म्हणाल्या, "हातले मुंग्या येई ऱ्हायन्यात." उजव्या हाताला. मला वाटलं, रुमाल घट्ट झाला. मी तो सोडला, सैल बांधला, त्यांचा हात जरा चोळला आणि हेडफोन लावला. जेवायला बसलो तेव्हा त्यांनी भाकरी डाव्या हातानं मोडली. ते मी पाहिलं. पाहिलं आणि पुढच्या गाण्याचा ठेका ठरवत बसले.

दुपारी त्यांचे शब्द सैल पडायला लागले. "गौराई" मधला र विरघळायचा. हेडफोनमध्ये बारीकसारीक ऐकू येतं, तुम्हाला कल्पना नसेल इतकं — ओठ सुटल्याचा आवाज, गिळल्याचा आवाज. मला ते सगळं ऐकू येत होतं. एका माणसाच्या मेंदूत काहीतरी बंद पडत चाललं होतं आणि मी ते कानाला लावून ऐकत होते — आणि म्हणत होते, "अक्का, उच्चार स्पष्ट येत नाहीये. परत घेऊ."

त्यांनी परत घेतलं. परत घेतलं. मग म्हणाल्या, "जीभ जड पडी ऱ्हायनी. बस कर व माय, माले घाबरं वाटी ऱ्हायनं."

मी काय म्हणाले? हे मला शब्दाशब्दानं पाठ आहे, कारण ते रेकॉर्ड झालेलं आहे. मी म्हणाले, "एवढं एक झालं की पंखा लावते."

पंख्याचं आमिष दाखवलं मी. लहान मुलाला दाखवावं तसं. आणि त्या गायल्या.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत येता येता त्यांचा पाय वळला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तेवढ्यात रेखा दारात आली — हातात पिशव्या. आम्ही रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. सगळं मीच केलं. फोन मी, रिक्षा मी, त्यांची कागदपत्रं मी. मला कामं येतात.

आता ते येतं, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधी सुरू झाला? नक्की सांगा. औषध वेळेवरून ठरतं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं, उशीर झालेला असेल तर उलट धोका."

प्रश्न सरळ होता. इतका सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. रेखा शेजारी उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. सकाळपासून, असं म्हटलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न काय असता? मग तू काय करत होतीस, वहिनी?

मी म्हणाले, "आत्ताच. बाहेर आल्या आणि झालं."

"आधी काहीच तक्रार नव्हती?"

"नाही. छान गात होत्या."

त्यांनी इंजेक्शन दिलं. रात्री मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, या औषधात तो धोका असतोच. खरी वेळ सांगितली असती तर त्यांनी ते दिलं नसतं का? रक्तस्राव झालाच नसता का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण ज्यांना ठरवता आलं असतं त्यांच्यापाशी मी खोटं बोलले.

अक्का वाचल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पार गेली. डोळे मात्र तसेच राहिले.

आणि मी काय केलं? गाणं पुरं केलं. त्या दवाखान्यात असताना. रेखाच म्हणाली होती, आईचं गाणं निदान आखाजीला वाजू दे. मी खोलीत बसले आणि दुपारचे विरघळलेले शब्द काढून त्या जागी सकाळचे शब्द बसवले. प्रत्येक र सकाळचा. जिथे श्वास लागला होता तिथला श्वास कापला. मुंग्या, जीभ, घाबरं — सगळं कापलं. माझा आवाज कापला. वरून ढोलकी आणि बासरी. अशी सफाई मी आधी कधी केली नव्हती, नंतरही नाही. लोक अजून ऐकतात आणि म्हणतात, काय खणखणीत आवाज या वयात!

पुढच्या आखाजीला रेखाच्या घरी सगळे जमले. तिनं मला पाटावर बसवून साडी दिली. "वहिनीनं लगेच हालचाल केली म्हणून माय वाचली," असं सगळ्यांसमोर म्हणाली. मी ती साडी घेतली. नेसले. फोटोत मी अक्कांच्या खुर्चीशेजारी उभी आहे, आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना अक्का माझ्याकडे बघतायत.

त्या दिवसापासून भीती आहे. आधी धास्ती होती, तिचं रूप वेगळं. फोन वाजला आणि रेखाचं नाव दिसलं की हातातलं भांडं मी खाली ठेवते.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. रडत होती, हसत होती. "वहिनी, माय बोलनी व! 'पानी' म्हने. सरळ 'पानी'!"

मी म्हणाले, "अरे वा! किती छान!"

आणि आत — आत मला वाटलं, आता थांबू दे. एवढ्यावरच थांबू दे. पाणी, भूक, झोप, एवढे शब्द आले तरी पुष्कळ झाले, त्यांच्या पुढचे येऊ नयेत. जिनं माझ्यासाठी भट्टीत बसून गाणी म्हटली, तिची जीभ परत वळू नये असं मला वाटलं. एकदा नाही. रोज वाटतं. डॉक्टरांपाशी बोललेलं खोटं घाबरून बोलले असं म्हणता येईल. याला काय म्हणू?

मी भेटायला गेले. जाणं भाग होतं. अक्का खाटेवर बसल्या होत्या. रेखानं कौतुकानं सांगितलं, "बोल ना माय, वहिनीसंगे बोल." अक्कांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट. तोंड हललं, खूप वेळ हललं, आणि मग शब्द आला.

"पंखा."

रेखा खूश झाली. "बघ, उकडी ऱ्हायनं तिले!" नातवंडं हसली. डिसेंबरात पंखा काय करतेस व आजी, म्हणून त्यांना चिडवू लागली. पंख्याचं बटण माझ्या मागेच होतं. मी उठून पंखा लावला. खरंच उकडत असेल का त्यांना? असेलही. मनगट सोडलं नव्हतं म्हणून मला एका हातानंच बटण दाबावं लागलं.

आता रेखाला कच्चं रेकॉर्डिंग हवंय. वाचा शिकवायला येणाऱ्या मॅडमनी सांगितलं आहे की अक्कांना त्यांचाच आवाज ऐकवा, वाद्यांशिवाय — गाताना, बोलताना, कसाही. स्वतःच्या आवाजाच्या मागे जीभ जाते म्हणे. त्यानं शब्द लवकर येतात. रेखा मला म्हणाली, "वाद्यं नको माले, वहिनी. नुसती माय दे. खोकला, शिव्या, जे शे ते बठ्ठं."

मी म्हणाले, "ते उडालं गं. गाणं झाल्यावर कच्चं ठेवत नाही आम्ही."

मिस्टर तिथेच चहा पीत होते. रेखा गेल्यावर म्हणाले, "अगं, तू तर माझी शिंकसुद्धा तारीख टाकून ठेवतेस. मावशीचं कसं उडालं?"

मी त्यांच्यावर ओरडले. डिस्क खराब झाली होती, तुम्हाला काय कळतं त्यातलं, असं काहीतरी. त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही, आणि का काढत नाहीत हे विचारायची माझी हिंमत नाही.

उडालेलं काही नाही. सगळं आहे, दोन ठिकाणी आहे. प्रत्येक फाइलवर वेळ आपोआप पडते — मुंग्यांची वेळ, जिभेची वेळ, माझ्या "एवढं एक झालं की"ची वेळ. पुसून टाकावं म्हणून अनेकदा बसले. पुसता येत नाही. त्या फाइलींत अखेरची बोलती अक्का आहे, आणि ती माझ्याकडेच आहे.

नुसता सकाळचा भाग कापून देता आला असता. मला ते काम अवघड नाही, भाजी फोडणीला टाकून येईपर्यंत झालं असतं. मुंग्यांचं वाक्य काढायचं, बाकी द्यायचं. अक्कांना तेवढ्यानंही फायदा झाला असता. पण मग रेखा म्हणेल, एवढं सापडलं म्हणजे बाकीचंही सापडेल. म्हणून मी तेवढंही दिलं नाही. हिवाळा गेला. मॅडम सांगतात की पहिल्या काही वर्षांत जे येतं ते येतं, पुढे वेग कमी होत जातो. तीन वर्षं झालीच आहेत. जे काही अजून येऊ शकतं त्यातले महिने मी खाते आहे, हे मला रोज माहीत असतं.

गेल्या आठवड्यात मी पेनड्राइव्हवर सगळं उतरवलं. काहीही न कापता, माझ्या आवाजासकट. ऐकून खात्री केली. दुपारचा भाग पहिल्यांदाच पूर्ण ऐकला, हेडफोन न लावता.

परवा रेखा आली होती. लोणच्याच्या कैऱ्या घेऊन. तासभर बसली, आईचं सांगत होती — आता दोन शब्द जोडून म्हणते, पुष्कळ प्रयत्न करते, काहीतरी लांबलचक सांगायचं असतं तिला. मी ऐकत होते. पेनड्राइव्ह माझ्या मुठीत होता, पदराखाली. ती उठली, चप्पल घातली, गाडीला किक मारली, गल्लीच्या वळणावरून हात केला.

मीही हात केला. दुसरा. पेनड्राइव्ह तिला द्यायचा राहिला आहे.