हरकऱ्यांचं आल्प्सचं टाइमटेबल

सुमतीबाई हरकऱ्यांच्या घरी आठ महिने कोणी टेबलावर जेवलं नाही, कारण टेबलावर आल्प्स होता. म्हणजे नकाशे, युरोपातल्या गाड्यांच्या वेळा छापलेले कागद, तीन रंगांची स्केचपेनं, एक भिंग, आणि या सगळ्याच्या मधोमध कोपरं टेकून बसलेले त्यांचे यजमान कृष्णकांत हरकरे, रेल्वेतले निवृत्त सेक्शन कंट्रोलर. दोघं सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवायची. एकदा वाढताना वरणाचा थेंब झुरिकवर पडला, तर गृहस्थांनी असा काही कल्ला केला की खालच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून वर आली.

नोकरीत हरकरे चोख होते, ते नाकारून चालायचं नाही. पस्तीस वर्षं बंद खोलीत कानाला फोन लावून बसले आणि इटारसीकडच्या लायनीवर कोणती मालगाडी कुठे दाबून ठेवायची, कोणत्या एक्स्प्रेसला रस्ता द्यायचा, हे कागदावर रेघा मारून ठरवत राहिले. पण माणसाला एक गोष्ट जमली की त्याला वाटतं, जगातलं सगळंच आपल्याला जमतं. हरकऱ्यांना तर वाटायचं, घरातली बाईसुद्धा मालगाडीच आहे. सांगेपर्यंत बाजूच्या सायडिंगला उभी राहील आणि हिरवा सिग्नल दिला की निघेल.

सुमतीबाई नागपुरात सदरमधल्या एका मिशनच्या शाळेत हस्तकलेच्या बाई होत्या. एकतीस वर्षं. नोव्हेंबर लागला की त्यांच्या वर्गात कागदाच्या चांदण्यांचा ढीग पडायचा. नाताळच्या आधी शाळेत विक्री भरायची, तिच्यासाठी चांदण्या, मेणबत्त्या, लोकरीच्या मेंढ्या, गोठ्याचा देखावा, सगळं बाई आणि त्यांच्या मुली करायच्या. घरी चैत्रगौर मांडणारी बाई शाळेत येशूचा गोठा इतका सुरेख मांडायची की फादरसुद्धा थांबून पाहायचे. एका वर्षी थोरल्या सिस्टरनं त्यांना जर्मनीहून आलेल्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान दिलं. बर्फ पडलेला चौक, लाकडी टपऱ्या, प्रत्येक टपरीवर दिवे आणि दिव्यांखाली टांगलेल्या चांदण्या. अगदी त्यांच्यासारख्याच. बाईंनी ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि वीस वर्षं साडी काढताना रोज पाहिलं. आपण ज्या चांदण्या जन्मभर कापल्या, त्या जिथं खऱ्या विकल्या जातात तो बाजार एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, रेल्वेवाल्याची बायको, फुकटचा पास, हिंडली असेल चिक्कार. हिंडली ना! आग्र्याला गेली. गाडी वेळेवर, कनेक्शन फक्कड, टांगासुद्धा स्टेशनाबाहेर तयार. फक्त तो दिवस शुक्रवार होता आणि शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. सुमतीबाईंनी ताजमहालाचं फाटक पाहिलं. परतीच्या गाडीत हरकरे सगळ्या डब्याला सांगत होते की एवढ्या प्रवासात एक मिनिटाचा लेट नाही. पुढे हैदराबादला नेलं. तिथल्या मोठ्या म्युझियमलाही शुक्रवारचीच सुटी असते, हे बाईंना नवऱ्याच्या कृपेनं कळलं.

तर बाईंच्या पासष्टीला पुण्याहून पुष्करचा, म्हणजे मुलाचा, फोन आला. "आई, यंदा तू म्हणशील तिथं जा. बाबा नाही, तू म्हणशील तिथं."

बाईंनी एका दमात सांगून टाकलं, "मला नाताळचा बाजार पाहायचा आहे. बर्फातला."

स्पीकरवर ऐकत बसलेले हरकरे ताडकन उठले. "आल्प्स! अरे बाप्पा, तिथल्या रेल्वेसारखी रेल्वे नाही जगात! पुष्कर, तू काहीच करू नको. प्लॅन मी करतो." आणि बाजाराचा विषय तिथंच आल्प्सखाली गाडला गेला.

प्लॅन म्हणजे कसा? नऊ दिवस, तेवीस गाड्या. बासेल, झुरिक, मग डोंगर चढून इटलीच्या हद्दीतलं तिरानो, तिथं चाळीस मिनिटं, त्यात स्वच्छतागृह बारा मिनिटं, की त्याच लायनीनं परत, आणि शेवटी म्युनिक. निघायची तारीख ठरली चोवीस डिसेंबर, पंचवीसला सकाळी बासेल.

सुमतीबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पंचवीसला काहून? तो बाजार सणाच्या आधी असतो. चोवीसला उठतो. सिस्टर सांगायच्या नेहमी."

"सिस्टर!" हरकऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सण पंचवीसला आणि बाजार चोवीसला उठून जाईल? रामटेकची जत्रा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी उठते काय वं? मुख्य दिवशी जत्रेला जायचं असते. आणि दुसरी गोष्ट, तिकडे डिसेंबरच्या मध्यात नवं टाइमटेबल लागते. नवं टाइमटेबल लागलं की पहिले आठ-दहा दिवस कंट्रोलमध्ये नुसता गोंधळ असतो. मी पस्तीस वर्षं पाह्यलंय. त्या गोंधळात मी माझ्या बायकोला नेणार नाही."

इटारसीच्या लायनीवर गोंधळ व्हायचा, म्हणून स्वित्झर्लंडमध्येही होणारच! या खात्रीला काय म्हणावं?

"जत्रा नाही हो ती," बाई म्हणाल्या. "आपल्या गोकुळपेठेत पणत्यांचा बाजार भरतो नं, तसं आहे ते. लक्ष्मीपूजन झाल्यावर कोण पणत्या विकत बसते? मग काय, सगळे घरी जाऊन आपापला सण करतात."

"तुझं आपलं काहीतरी असते," असं म्हणून हरकऱ्यांनी लाल स्केचपेन उचललं. सुमतीबाईंनी मेथीच्या काड्या उचलल्या. खरं तर त्यांनी तेव्हाच टेबलावरचे कागद उचलून गच्चीतून खाली फेकायला हवे होते. पण चाळीस वर्षं गप्प बसायची सवय, ती काय एका मेथीच्या जुडीत जाते?

मग सुरू झाल्या तालमी. गाडी बदलायला एके ठिकाणी सहाच मिनिटं होती, म्हणून हरकरे रविवारी सकाळी बाईंना बॅगांसकट नागपूर स्टेशनावर घेऊन गेले. बॅगांत वजनाला तांदूळ भरले होते. एक नंबरवरून पुलावर, पुलावरून पलीकडच्या शेवटच्या फलाटावर, हातात घड्याळ धरून हरकरे पुढे आणि दुखरा गुडघा घेऊन बाई मागे. पोर्टर हसत होते. एकानं विचारलंही, "कोणती गाडी पकडून राहिले बाबूजी?" हरकरे म्हणाले, "स्विस." पहिल्या फेरीला साडेनऊ मिनिटं लागली. हरकऱ्यांनी बाईंकडे असं पाहिलं की जणू त्यांनी मुद्दाम गाडी सिग्नलला उभी केली. पुढचे तीन रविवार तेच.

ऑक्टोबरात एके संध्याकाळी यमुताई आल्या. सक्करदऱ्याला राहतात, शाळेत बाईंच्याच बरोबर होत्या, संगीत शिकवायच्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलं आपापल्या जागी. बाई मोकळी, हसरी आणि तोंडानं फटकळ. त्या एका टूर कंपनीबरोबर आठ डिसेंबरला युरोपला निघाल्या होत्या. कार्यक्रमात नाताळचे चार बाजार होते.

"टूर!" हरकऱ्यांनी नाक मुरडलं. "म्हणजे झेंडा धरलेल्या पोराच्या मागे मेंढरं! बसनं हिंडवणार तुम्हाला. आल्प्समध्ये बसनं! आणि रोज रात्री पोहे-उपमा."

"मला पोहे आवडतात," यमुताई म्हणाल्या.

"आणि आठ तारीख! नव्या टाइमटेबलच्या तोंडावर!"

"भाऊजी, माझ्या बसला कोण टाइमटेबल विचारते? मला बाजार पाहायचा आहे." मग त्या सुमतीबाईंकडे वळल्या. "सुमे, माझ्या खोलीतल्या पार्टनरचं धंतोलीत खुब्याचं ऑपरेशन झालं गं. तिची जागा रिकामी आहे. ऐकून ठेव फक्त."

हरकरे मोठ्यानं हसले. सुमतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी चहाचे कप उचलले आणि आत जाऊन उगीच पुन्हा पुन्हा विसळले.

त्यानंतर चारच दिवसांनी गंमत झाली. प्लॅनमध्ये हरकऱ्यांना बासेलच्या स्टेशनापासून बाजारापर्यंत पायी किती मिनिटं लागतात, हे लिहायचं होतं. अंदाजपंचे काही लिहिणं त्यांना पटत नाही. त्यांनी तिथल्या पर्यटन कचेरीला ईमेल पाठवलं, नावाखाली 'सेक्शन कंट्रोलर, निवृत्त' असं टाकून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. रस्ता सांगितला होता, मिनिटं सांगितली होती, आणि खाली एक ओळ नम्रपणे लिहिली होती की आपण ज्या तारखेला येत आहात त्या तारखेला बाजार नसेल, तो तेवीस डिसेंबरला संपतो. मग हरकऱ्यांनी झुरिक पाहिलं, म्युनिक पाहिलं. जिथं जिथं ते उतरणार होते, तिथले बाजार ते पोचायच्या आत गुंडाळले जाणार होते.

सुमतीबाई त्यांच्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं वाचलं. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. वाटलं, चला, आता तरी कळलं. आता तारखा बदलतील. आपणच बरोबर होतो, असं म्हणायचंसुद्धा नाही, नुसतं हसायचं आणि तारखा बदलू द्यायच्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपण खरोखर जाणार असं वाटलं.

हरकऱ्यांनी चष्मा पुसला. मग हिरवं स्केचपेन घेऊन पहिल्या पानावरच्या 'नाताळ बाजार' या शब्दांवर नीट, पट्टी लावून रेघ मारली.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"काढून टाकलं. आता तारीख हलवता येत नाही. डोंगराच्या गाडीत उजव्या बाजूची खिडकी मिळाली आहे, ती पुन्हा मिळायची नाही. आणि बाजार म्हणजे शेवटी काय वं? दुकानंच नं? इतवारीत काय कमी दुकानं आहेत? उलट बरं झालं, बासेलला पन्नास मिनिटं वाचली. त्यात मी रेल्वेचं यार्ड पाहून घेतो."

सुमतीबाई झोपायच्या खोलीत गेल्या, कपाट उघडलं आणि त्या पानासमोर उभ्या राहिल्या. त्यांना चीड आली होती. चूक झाली म्हणून नव्हे, चुका काय, होतात. चीड याची की चूक कळल्यावरही या माणसाच्या कपाळावर एक आठी उमटली नाही. आपल्याला काय हवं होतं हे तो विसरला नव्हता. त्याला ते कधी ऐकूच आलं नव्हतं. चाळीस वर्षं आपण बोलत होतो आणि याच्या कानाला दुसराच फोन लागलेला होता. मग त्यांना स्वतःचीही चीड आली, ताजमहालाच्या फाटकापाशी उभं राहून 'असू द्या, फाटकही छान आहे' असं आपणच म्हणालो होतो, हे आठवून.

त्यांनी ते पान अलगद सोडवलं. चिकटपट्टीबरोबर दाराचा थोडा रंगही निघाला. सकाळी हरकरे आंघोळीला गेले तेव्हा बाईंनी टेबलावरच्या निळ्या फायलीतून आपला पासपोर्ट काढून घेतला आणि रिक्षानं धंतोलीला टूर कंपनीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या मिनल नावाच्या मुलीनं फॉर्म पुढे केला, मिस्टर पण येणार का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही. त्यांचं वेगळं काम आहे तिकडे."

दुपारी त्या घरी आल्या तर हरकरे घरभर फायली उपसत होते. "सुमती! तुझा पासपोर्ट दिसत नाही! व्हिसाचे कागद लावून राहिलोय मी आणि पासपोर्टच नाही!"

"माझा पासपोर्ट यमुताईच्या टूरवाल्यांकडे आहे," बाईंनी चपला काढत सांगितलं. "मी आठ तारखेला निघून राहिले. पेन्शन माझी आहे, पुष्करला फोन करून सांगितलंय."

हरकरे खुर्चीवर बसले. आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो कोणता? "बसनं?"

"हो, बसनं. बाजार उघडा असतो तेव्हा ती तिथं थांबते."

"अन् माझा प्लॅन? आठ महिने केला मी! तुझ्यासाठी केला!"

"माझ्यासाठी केला असता तर त्यात बाजार राहिला असता," सुमतीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आग्र्याला शुक्रवार होता, हैदराबादला शुक्रवार होता. आता माझे शुक्रवार संपले."

हरकऱ्यांनी टेबलाकडे पाहिलं. तेवीस गाड्या, तीन रंग, एक मिनिटाची चूक नाही. "दोन सीटा आहेत खिडकीच्या," ते अगदी हळू म्हणाले. "समोरासमोरच्या. मी एकट्यानं काय करू तिथं?"

बाईंना क्षणभर त्यांची दया आली, नाही असं नाही. पण त्या आत जाऊन कप विसळत बसल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातून दोन ताटं आणली, झुरिक, तिरानो, म्युनिक सगळं एका हातानं बाजूला सारलं आणि टेबलावर जेवण वाढलं.

"जा नं तुम्ही," वरण वाढता वाढता त्या म्हणाल्या. "गाड्या वेळेवर आहेत. माझ्या सीटवर बॅग ठेवा."