खाकी कव्हरातली कादंबरी

अकरावीच्या वर्गात मी एका जुन्या कादंबरीची ओळख करून दिली. घरात सगळे असूनही एकटा पडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची ती गोष्ट. तास संपल्यावर वैदेही माझी प्रत मागून घेऊन गेली. चार दिवसांनी ती प्रत तिच्या बाकावर दिसली. खाकी कव्हर घातलेली, वर लेबल: रसायनशास्त्र. मला हसू आलं, पण तेव्हापासून ते लेबल डोक्यातून जात नाही. आपण मुलांच्या हातात पुस्तकं देतो, ती कुठल्या घरात जातात ते कुठे बघतो?

आज पालकसभेला तिची आई आली. "घरात बोलतच नाही हल्ली," म्हणाली. "पण केमिस्ट्रीचं पुस्तक हातातून सुटत नाही, मॅडम."

खरं सांगितलं तर मुलीचा विश्वास जाणार. नाही सांगितलं तर या बाईंना काय उत्तर द्यायचं? मी नुसतीच पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

"परवा उघडून बघणार होते," आई उठता उठता म्हणाली. "मग ठेवून दिलं. म्हटलं, आपल्याला काय कळणार त्यातलं."