येते म्हणायचं

घरातून निघताना 'जाते' म्हटलं की आई मला उंबऱ्यावरून परत बोलवायची. "जाते काय? कायमची निघालीस का? येते म्हणावं!" मी कॉलेजात गेले तरी या बाबतीत आईच्या वरताण होते. कुणी 'जाते' म्हणालं की माझं डोकंच फिरायचं.

त्यामुळे कॅम्पातल्या शाळेत पहिला धडा मी तोच दिला. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवं होतं, सगळे कॅम्पच म्हणायचे. आम्ही कॉलेजातल्या तिघी मैत्रिणी दर रविवारी अंबरनाथहून तिथल्या मुलींना मराठी शिकवायला जायचो, केवळ हौस म्हणून. शाळा लष्कराच्या जुन्या बराकीत भरायची. मुली सिंधमधून घरदार सोडून आलेल्या. मराठी त्यांना फार जड जायचं.

त्यातली एक माझी लाडकी होती. मराठीत पास झाली तर पुढे शिकेल, नाहीतर आईबरोबर पापड लाटेल, असं तिच्या काकांनी सांगून टाकलं होतं. पोरगी जिवाच्या करारानं शिकायची. पण बसायची सतरंजीच्या अगदी कडेला, आणि शेजारी एका मुलीपुरती जागा मोकळी ठेवायची. "सरक की आत," मी खेकसायची. बाकीच्या मुली दाटीवाटीत बसतील, पण त्या जागेवर कुणी बसायची नाही. पुढे पुढे मीही तिथून जाताना वळसा घालायला लागले.

मग ती यायचीच बंद झाली. परीक्षा तोंडावर आलेली. चिडून मी तिच्या घरी गेले. भर दुपारची वेळ, लांबलचक बराक, दोन्ही बाजूंना गोणपाटाचे पडदे आणि प्रत्येक पडद्यामागे एक संसार. तिच्या पडद्याबाहेर चपलांचे दोन लहान जोड होते. एक झिजलेला, दुसरा कोरा करकरीत.

आत तिची आई पापड लाटत होती. मला पाहून तिनं माझ्या मागे पाहिलं, बराच वेळ. मग पुन्हा लाटायला लागली.

"माझी मोठी बहन कराचीच्या बंदरात हरवली, दीदी," मुलगी हळूच म्हणाली. "पाणी आणायला गेली ती आलीच नाही. तुम्ही सांगितलं म्हणून मी निघताना 'येते' बोलायची. अम्मांनी नळावरच्या मराठी बाईला विचारलं, येते म्हणजे काय. ती बोलली, येते म्हणजे 'वो आती है.'"

मराठीत 'मी येते' आणि 'ती येते' यांत फरक तो काय?

"आता मी निघाले की अम्मां ताट मांडते. मी एकटीच परत आले की विचारते, वो कहां है? मग जेवत नाही. म्हणून मी निघतच नाही."

पाठव हिला, एवढंच कसंबसं आईला सांगितलं आणि उठले. पडद्याशी पोचले आणि लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं, "येते हं."

लाटणं थांबलं. बाईचा चेहरा उजळला. तिनं घाईघाईनं ताट मांडलं, पाण्याचा पेला भरला आणि माझ्या खांद्यावरून बाहेर बघत हसून थोडी बाजूला सरकली, कुणाला तरी आत यायला वाट देत. मी मागे वळून पाहिलं. बोळात कुणी नव्हतं. वाराही नव्हता, तरी समोरचा पडदा हलत होता. मी अक्षरशः पळत सुटले.

पुढच्या रविवारी ती वर्गात हजर. "अम्मांना 'जाते' बोलले," ती म्हणाली. "ते तिला समजतं, वो जाती है. खूप रडली. मग बोलली, जा."

त्या दिवशीही शेजारची जागा तिनं मोकळी ठेवलीच. वर्ग सुटल्यावर पाटी घेऊन दाराशी गेली, थांबली आणि म्हणाली, "जाते, दीदी."

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या, आता दीदी ओरडणार म्हणून.

"जा, बाळ," मी म्हणाले.