नुरपेइसची प्रमाणवेळ

सरकारने एका रात्रीत साऱ्या कझाकस्तानची वेळ एक केली आणि अल्माटीची घड्याळं तासभर मागे गेली. लोक चार दिवस कुरकुरले, मग सवयीला आले. म्हातारे नुरपेइस मात्र कुरकुरलेही नाहीत, कारण त्यांना यातलं काही कळलंच नव्हतं. त्यांना कळलं ते एवढंच, की अंधार पडला तरी जिपा घरी आलेली नाही.

जिपा त्यांची एकुलती एक. आई गेल्यापासून घरात दोघंच. बापाला अलीकडे काल-आजचा मेळ लागेना, म्हणून जिपाने एक बोलकी पेटी बनवून भिंतीला टांगली होती. सकाळी पेटी जिपाच्याच आवाजात म्हणे, "सकाळचे साडेसहा झाले, आके, उठा." संध्याकाळी म्हणे, "संध्याकाळचे साडेसहा झाले, आके. जिपा येतेय." हे ऐकलं की आके, म्हणजे बाबा, फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि जिपा वळणावर दिसायची. आता पेटीही नव्या वेळेवर चालायची, आणि ती साडेसहा सांगायची तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असायचा. म्हातारा अंधारू लागल्यापासून फाटकाशी उभा राहून लहान मुलासारखा रडायचा. एकदा तर तो तिला शोधायला निघाला आणि रस्त्याकडेच्या पाटात पाय घालून पडला.

त्या दिवशी जिपाने ठरवलं, की बापाला त्याचा तास परत द्यायचा.

ती ऑफिसात तेच काम करायची. छोट्या यंत्रांसाठी त्यांची कंपनी सी या संगणकभाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा साठा, बनवते, आणि तिच्यातला घड्याळाचा कोपरा जिपाचा. यंत्र कुठल्या वेळेवर चालायचं ते एका ओळीत लिहितात: आधी वेळेचं नाव, मग आकडा. नाव काहीही चालतं, निदान तीन अक्षरं हवीत. आकड्याची तऱ्हा मात्र उफराटी. अल्माटीची जुनी वेळ ग्रीनिचच्या सहा तास पुढे, म्हणून सारं जग तिला अधिक सहा म्हणे; या ओळीत तिला वजा सहा लिहायचं. जुन्या लोकांनी तसं ठरवून ठेवलंय, आता बदलायची सोय नाही. हे चिन्ह चुकवलं म्हणून जिपाने अर्ध्या ऑफिसला फैलावर घेतलं होतं.

साहेबीण राइसा पेत्रोव्नांकडे जाऊन ती म्हणाली, "मी सकाळी तासभर आधी येईन, संध्याकाळी तासभर आधी सोडा."

"सरकारने दोन वेळांची एक केली, आणि तू बाई परत दोन करणार? राहणार कोण तुझ्या त्या वेळेत?"

"मी आणि आके."

राइसा पेत्रोव्नांनी चष्मा काढून पुसला. "जा मग. पण सकाळी उशीर केलास तर बघ!"

दुसऱ्या दिवशी निघता निघता जिपाने पेटीत नवी ओळ घातली. नाव दिलं AKE. पुढे आकडा टाकला, पेटीच्या बारा तासांच्या पडद्यावर साडेआठ उमटलेले दारातूनच पाहिले, आणि पळाली.

संध्याकाळी बस चुकली आणि ती अर्ध्या तासाने उशिरा आली, तर फाटक सताड उघडं. आके नाहीत, त्यांची टोपी नाही, ते पूर्वी राखायचे त्या फळगोदामाची जुनी किल्लीही खिळ्यावर नाही. ती भिंतीपाशी गेली, पेटीतली ओळ वाचली. अधिक सहा! घाईत तिने जगाच्या रीतीने लिहिलं होतं. बरोबर बारा तासांचा घोळ. आकडे तेच, पण दिवसाची रात्र. दुपारच्या झोपेतून उठलेल्या बापाला पेटीने सांगितलं होतं, सकाळचे साडेसहा झाले, उठा.

किल्ली नेली म्हणजे कुठे गेले ते उघड होतं. ती धावत सुटली. गोदामाच्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे, ते बंद झालं होतं. आके त्याच्या पायरीवर टोपी सावरून बसले होते, हातात किल्ली.

"आके!" तिने लांबूनच हाक मारली.

"ओरडू नकोस. कुलूप बदललंय मेल्यांनी. मी तर वेळेवर आलो, तुझ्या आवाजाने उठवलंस की मला."

"चुकलं माझं, आके. फार चुकलं."

"अगं, रडतेस काय, उंटाच्या पिल्ला? नोकरी थोडीच जातेय?" त्यांनी बाहीने तिचे डोळे पुसले. "चल, चहा घेऊ. एवढ्या सकाळी कोण येतंय सफरचंदं चोरायला."

घरी येऊन तिने चिन्ह बदललं. या वेळी पेटीशी उभी राहून तिने आवाजही ऐकला. रात्रीचे आठ.

दुसऱ्या दिवशी ती वळणावर आली तेव्हा खिडकीतून तिचाच आवाज येत होता, जिपा येतेय. आके फाटकाशी उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे. बर्फावर अजून ऊन होतं.

"आलीस?" ते म्हणाले. "आज वेळेवर आलीस. मला वाटायला लागलं होतं, तूही मला विसरलीस."