विळीला इंग्रजीत काय म्हणतात

चाळीस वर्षं मी झाशीत मुलांना इंग्रजी शिकवलं आणि म्हातारपणी एका शब्दात माती खाल्ली.

सीपरी बाजारातलं, आमच्याच मराठी लोकांतलं घर. सून साताऱ्याकडून आणलेली, हिंदी धड येईना. ती भाजी चिरत बसली होती. नवरा पिऊन आला, त्यानं केस धरून ओढलं, तिनं ढकललं. तो विळीवर पडला आणि गेला. तिला तुरुंगात घातलं तेव्हा सहावा महिना लागला होता. बाळंतपणाआधी सुटायचं, एवढंच तिच्या डोक्यात.

आपली हकीकत तिनं मराठीत लिहून दिली. वकिलाला मराठीचा गंध नाही, आणि हायकोर्टात जामिनासाठी इंग्रजी हवं. वकील कागद घेऊन माझ्याकडे आला. "मास्टर जी, शाम तक कर दीजिए, बस."

'मी विळीवर भाजी चिरत होते,' तिनं लिहिलं होतं. मी विळीचं केलं 'सिकल'. अरे गाढवा, सिकल म्हणजे विळा! मुठीत धरायचा, गवत कापायचा, मनात आलं तर कुणावर उगारायचा. विळी पाटाला ठोकलेली असते. तिच्यावर पाय देऊन बसायचं आणि भाजी पात्याकडे न्यायची. माझी आई जन्मभर तशीच चिरायची, मला का माहीत नव्हतं? शब्दकोशात सिकल दिसलं, कंटाळा आला होता, लिहून टाकलं. दोन ओळींत ती वस्तू समजावून सांगता आली असती.

जामीन फेटाळला. हातात सिकलसारखं घातक हत्यार होतं हे आरोपी स्वतःच सांगते, असं आदेशात आलं. मी वकिलाकडे धावलो. दुरुस्तीचा अर्ज गेला, तारखा पडत राहिल्या. मुलगी तुरुंगातच झाली.

परवा मी तिला भेटायला गेलो. जाळीपलीकडे ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे म्हणालो, हात जोडले. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका, सगळेच म्हणतात विळी माझ्या हातात होती," ती हळूच म्हणाली. "मी रोज आठवून बघते. आता मलाही तसंच दिसायला लागलंय. असेल का हो माझ्या हातात?"