उजळ करून दे

बाईंनी पदराचं टोक ग्लासातल्या पाण्यात बुडवलं आणि माझा गाल घासला. सगळ्यांसमोर. मला पाहायला आलेल्या मुलाची आत्या त्या. मग पदर खिडकीकडे धरून पाहिला. पावडर काही निघाली नाही. तशी त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, त्यातला माझा फोटो माझ्याच गालाशी धरला आणि म्हणाल्या, "रंग तर पक्का हाय. मंग ही फोटोतली कोन?"

मुलगा हसला. त्याचा बाप हसला. बागायतदार माणसं, दारात मोठी गाडी लावून आलेली. माझा बाप उठून पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा गोळा करायला लागला. ते काम त्याने घरात कधी केलं नव्हतं. राग मला येत होता, पण तोंड उघडेना. कारण फोटोतली ती गोरी पोरगी मीच तयार केली होती.

मी वसमतला एका फोटो स्टुडिओत काम करते. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो कॉम्प्युटरवर उजळ करते. नाक जरा बारीक, गाल गुळगुळीत, रंग गोरा. मालकांना आम्ही दादा म्हणतो. मी कामाला लागले तेव्हाच ते म्हणाले होते, की हळदसुद्धा पॉलिश केल्याशिवाय बाजारात नेत नाहीत, मग पोरीचं काय. मी हसले होते. मला ते पटलंही होतं.

पाहुणे गेल्यावर मी मोबाइल घेऊन मागच्या खोलीत पडले. त्यात एक नटी बोलत होती. मोठी, घराघरात माहीत असलेली. रंगाने सावळी. तरुणपणी तिने गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात केली होती. ती म्हणाली, "मला गोरं करून दाखवलं तेव्हा वाटलं, अपमान माझा झाला. खरं तर अपमान मी करत होते. घरी बसून ती जाहिरात बघणाऱ्या प्रत्येक मुलीचा."

आधी मला तिचाच संताप आला. बंगले बांधून झाल्यावर सुचलेलं शहाणपण. वरातीमागून घोडं. मोबाइल उपडा टाकला. पण तिचं बोलणं काही डोक्यातून जाईना. तिचं राहू दे, मी काय करत होते? आत्याबाईंनी माझा गाल एकदा घासला. मी रोज कुणा तरी पोरीचा घासत होते, तिला न विचारता.

सविता आठवली. आमच्याच गल्लीतली, माझ्याहून लहान. तिचा फोटो मी केला तेव्हा तिने विचारलं होतं, एवढी गोरी मी हाय का. मी म्हणाले होते, आता हायस. पुढे स्थळ तिला पाहून परत गेलं. का गेलं, हे मी कधी विचारलं नाही. मला ते माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

त्याच आठवड्यात सविता तिच्या आईबरोबर स्टुडिओत आली. तोंडाला स्कार्फ बांधलेला. फोटोसाठी तो सोडला. दोन्ही गाल लालभडक, सालपटं निघालेली. काकूंनी सांगितलं, फोटोसारखं दिसायला पाहिजे म्हणून पोरीने मेडिकलमधून कसलंसं मलम आणलं आणि महिनोन् महिने लावलं. मग म्हणाल्या, "पुन्हा एक स्थळ येऊन राहिलं. डाग काढ, अन् मागच्यावानी उजळ करून दे."

"न्हाई करनार, काकू. हाय तसा देते."

दादा गल्ल्यावरून उठले. गिऱ्हाईक परतवून लावतेस का, दुकान कुणाचं आहे, असं सगळं त्यांनी विचारलं.

"दुकान तुमचं हाय, दादा. पर माझ्या हातून हे आता होनार न्हाई."

खरं सांगते, मला वाटलं सविताला बरं वाटेल. ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

"आज न्हाई म्हन्तीस, ताई. तवा काहून न्हाई म्हनली?"

मी कॉम्प्युटरसमोरून बाजूला झाले. तिचा फोटो दादांनीच उजळ केला. मायलेकी तो घेऊन गेल्या. दादांनी मला बजावलं, डोकं ठिकाणावर आलं तर ये, नाही तर येऊ नकोस.

काम सुटलं तर सुटू दे. लग्न राहिलं तर राहू दे. यापुढे माझ्या हातून एकही पोरगी गोरी होणार नाही. उद्या सकाळी मी सविताच्या दारात जाणार आहे, तिला स्किनच्या डॉक्टरकडे न्यायला. नाही आली तर परवा जाईन. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. माफी मात्र मागणार नाही. माफी मागून जीव माझा हलका होईल. गाल तिचे जळालेत.